एक वाजताची बोट

माझ्या थोरल्याला, आ-तेकला, न ऐकता "हो" म्हणायची खोड आहे. डोकं फोनमध्ये, कान कुठे ते देवाला ठाऊक, आणि तोंडातून मात्र "हो" बाहेर पडतं. "नाही" म्हटलं की समोरचा वाद घालतो, "हो" म्हटलं की गप्प होतो, हे त्याला पन्नाशीत कळलं आणि तेव्हापासून त्याने कुणाचं ऐकणंच सोडून दिलं. एकदा जेवताना मी म्हटलं, "आ-तेक, उद्यापासून मी डोकं भादरून मठात राहायला जाते." तो म्हणाला, "हो आई, बरं." माझ्या नातीला, मुकला, इतकं हसू फुटलं की नाकातून सूप आलं. मीही हसले. तेव्हा हसायला नको होतं.

आमचा माशांच्या गोळ्यांचा धंदा आहे, बँकॉकला, तलात फ्लूच्या बाजारात. मी आणि माझ्या नवऱ्याने तो हाताने उभा केला. पहाटे करली यायची, काटे काढायचे, मांस मिठाच्या पाण्यात मळायचं आणि परातीवर आपटायचं, गोळा जमिनीवर टाकला तर चेंडूसारखा उडेपर्यंत आपटायचं. आता यंत्र आपटतं. यंत्राचा गोळा उडतो, पण त्याला चव नसते. आ-तेकला सांगितलं तर म्हणतो, "हो."

इतकी वर्षं समुद्राचे मासे चिरले, पण समुद्र मी पाहिला तो बांगसेनच्या काठावर, एकदा, तोही खुर्ची भाड्याने घेऊन. नवरा म्हणायचा, "दुकान पोरावर टाकलं की एका बेटावर जाऊ. मासा दुसऱ्याने धरलेला, दुसऱ्याने चिरलेला, दुसऱ्याने शिजवलेला. आपण फक्त खायचा." दुकान पोरावर टाकलं आणि पावसाळा संपायच्या आत तो गेला. त्याला नऊ वर्षं झाली.

तो चोनबुरीच्या डोंगरावर, आमच्या चिनी दफनभूमीत आहे. जागा दोघांची घेतली होती, दगडावर नावंही तेव्हाच दोघांची कोरून घेतली. आमच्यात अशीच रीत. गेलेल्याचं नाव हिरवं रंगवायचं, असलेल्याचं लाल. वरचं आडनाव कायम लाल, कारण घराणं चालू असतं. दरवर्षी चेंगमेंगला, पितरांच्या सणाला, अख्खं घर डोंगरावर जातं, गवत काढतं, दगड धुतं, आणि थोरला मुलगा कुंचला घेऊन अक्षरं नव्याने रंगवतो. आधी बापाची ओळ हिरवी, मग आईची लाल. डबा मी धरते. नऊ वर्षं मी माझं नाव दगडावर बघत आले आहे, मिरचीसारखं लाल, आणि दरवर्षी मनात म्हणत आले आहे, थांब हो म्हाताऱ्या, अजून माझं काम बाकी आहे.

यंदा चेंगमेंगला लागून सोमवारची सुट्टी आली. तीन दिवस सलग मोकळे. आ-तेकच्या डोक्यात आलं की डोंगर रस्त्यातच पडतो, तर पूजा उरकायची आणि तसंच पुढे त्रातच्या धक्क्याला जाऊन को कूट बेटावर उतरायचं. वाईट नव्हतं ते. मलाही बरं वाटलं. वडिलांना भेटून मुलं समुद्रावर गेली तर वडील काही रागावत नाहीत.

मग तीन आठवडे आमच्या जेवणाच्या टेबलावर भाताच्या वाडग्यांपेक्षा ते बेटच जास्त होतं. आ-तेक फोनवर खोल्या बघायचा, सून ओरपिन त्याच्या खांद्यावरून बघायची, मुक त्या दोघांच्या मधून. मी समोर बसून लसूण सोलायचे.

"पाण्यावर बांधलेली खोली नको," ओरपिन म्हणायची. "डास असतात."

"डास डबक्यावर असतात. समुद्रावर कुठले डास?"

"तुम्ही गेला होतात वाटतं?"

"पपा, ते घे ना, जिथे खिडकीतून थेट पाण्यात उडी मारता येते."

"तू आधी पोहायला शीक. हे बघ, हे चांगलं आहे. नारळाची झाडं, झोपाळा, सगळं आहे. पण एकाने लिहिलंय की न्याहारीची पपई कडक होती."

"मग दुसरं बघा," ओरपिन म्हणाली.

आणि त्याने दुसरं बघितलं. कोण कुठला माणूस, त्याला कधी तरी कडक पपई मिळाली, म्हणून माझ्या लेकाने आणखी चार संध्याकाळी खोल्या चाळल्या. गादी मऊ की घट्ट, वाळू पांढरी की पिवळसर, सूर्य कुठल्या बाजूने मावळतो. एवढ्या बारकाईने त्याने कधी करलीही निवडली नव्हती.

मला कुणी विचारलं नाही की येतेस का. मला त्यात काही वाटलं नाही. आईला काय विचारायचं? आई घरातलीच. एका सकाळी मी बाजारात जाऊन निळ्या फितीची गवती टोपी घेतली आणि रबरी चपला घेतल्या, आणि कपाटात सरोंगांच्या घड्यांखाली ठेवून दिल्या. पंचाहत्तरीला आलेल्या बाईने टोपी घेतली म्हणून कुणी हसायला नको.

अडचण बोटीची होती. को कूटची बोट एक वाजता सुटते, आणि डोंगरापासून धक्का चार तासांवर. म्हणजे पूजा आटपून नऊच्या आत निघायला हवं. दरवर्षी आम्हाला अकरा वाजतात.

"रंगाचं काम डोंगरावरच्या रखवालदाराला सांगतो," आ-तेक म्हणाला. "तो आदल्या दिवशी करून ठेवेल. आपला तास वाचेल."

मी म्हटलं, "रंग थोरल्याच्या हाताने लागतो. तुझ्या बापाने त्याच्या बापाचं नाव ताप अंगात असताना रंगवलं होतं."

"आई, रंग तो रंगच. दगडाला काय कळतं?"

मी पुढे बोलले नाही. का बोलले नाही ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते लपवणार नाही. मलाही बोट चुकवायची नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी बदक उकडत होते. ओरपिन आत आली, नैवेद्याचे कप पुसायला घेतले आणि म्हणाली, "आई, उद्या शेजारच्या आ-बुईच्या घरची गाडी डोंगरावरून परत बँकॉकला येणार आहे. त्यात तुमच्यासाठी जागा ठेवायला सांगितली आहे. पुढची सीट, म्हणजे पाय आखडणार नाहीत. तीन दिवसांचं जेवण फ्रीजमध्ये डब्यांत घालून ठेवते."

बदक पातेल्यात उलटं होत होतं. मी ते नीट सरळ केलं.

"ठेव," मी म्हटलं. "कढी पातळ कर, मागच्या वेळी घट्ट झाली होती."

"तुम्हाला खरंच नाही ना यायचं?"

"मी कशाला येऊ? समुद्रात काय ते मासेच. मासे मी रोज बघते."

एवढं बोलून मी वर गेले आणि टोपी काढून पलंगावर ठेवली. बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मग म्हटलं, डोंगरावर ऊन असतंच की.

पहाटे चारला निघालो. नैवेद्याचं बदक, डुकराचं मांस, शिंपल्या, चहा, नवऱ्याला जाळून पाठवायच्या कागदी नोटा आणि कागदी कपडे माझ्या पायाशी, आणि त्यांच्या तीन रंगीत बॅगा डिकीत. मी टोपी घालून बसले.

ओरपिन वळून बघत होती. "आई, ही टोपी तर समुद्रावरची आहे."

"उन्हाला काय कळतं, समुद्रावरची की डोंगरावरची?"

मग ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही आईंना विचारलं होतं ना? तुम्ही म्हणालात की विचारलं, नाही म्हणाल्या."

आ-तेक टोलनाक्याची रांग बघत होता. "हो," म्हणाला.

"कधी विचारलंत?"

"विचारलं असेल गं. आईला गाडी लागते."

मला गाडी लागत नाही. लग्नाआधी मी बर्फाच्या ट्रकवर बसून महाचायहून मासे आणायचे. मुक माझ्या शेजारी होती, तिने माझ्या टोपीची फीत हातात घेतली आणि डोंगर येईपर्यंत सोडली नाही.

डोंगरावर जत्रा होती, दरवर्षी असते. ताडपत्र्या, धूर, फटाके, गाड्या लावायला जागा नाही, पोरं थडग्यांच्या कठड्यांवरून उड्या मारतायत. आमची जागा तिसऱ्या ओळीत, आंब्याच्या झाडाजवळ. मी पुढे झाले. दगड धुतलेला, गवत कापलेलं, अक्षरं लखलखीत.

नावांच्या दोन्ही ओळी हिरव्या.

वरचं आडनाव लाल, खाली त्याची ओळ हिरवी, आणि शेजारची माझी ओळही हिरवी. मला चिनी अक्षरं दोनच येतात, माझ्या नावाची. किम आणि लांग, सोनं आणि फुलाचं नाव. नवऱ्याने लग्नानंतर टेपिओकाचं पीठ टेबलावर पसरून त्यात माझं बोट धरून ती शिकवली होती. ती दोन अक्षरं मी कुठल्याही रंगात ओळखते. कोवळ्या पानासारखी हिरवी होती ती, एक थेंबही ओघळलेला नव्हता. रंगवणाऱ्याचा हात चांगला होता.

भीती वाटली का? वाटली. असलेल्या माणसाचं नाव हिरवं करणं म्हणजे वरून बोलावणं धाडणं, असं आमच्यात मानतात. पण भीतीपेक्षा मला दुसरंच काही तरी बघायचं होतं. मी ठरवलं, बोलायचं नाही. घरचे तिघं आहेत, सहा डोळे आहेत. बघू कुणाला दिसतं.

आधी बाजूच्या भूमिदेवाला उदबत्ती. मग आमच्या दगडासमोर चटई, पाच कप चहा, बदक, मांस, फळं. आ-तेकने घड्याळ बघत उदबत्त्या वाटल्या, समोर गुडघ्यावर बसला, दगडाच्या हातभर अंतरावर, आणि म्हणाला, "बाबा, आम्ही आलोय. सगळ्यांना सांभाळा. धंद्यात बरकत द्या. आज जरा घाईत आहोत, रागावू नका." दगडाकडे तोंड करून म्हणाला सगळं. डोळे दगडावरच होते.

रीतीप्रमाणे शिंपल्या खाल्ल्या, कवचं थडग्याच्या मातीवर पसरली. कागद पेटवले. आठ वाजून गेले होते. ओरपिन कागद ढवळत होती, धुराने तिचे डोळे भरले होते, तिला मी माफ केलं. मुकने दोनदा दगडाकडे बघितलं, पण तिला चिनी येत नाही, तिच्या बापाने शिकवलं नाही. तरी तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "आमा, दरवर्षी इथे लाल असतं ना?"

मी म्हटलं, "तुझ्या बापाला विचार."

"पपा, लाल कुठे गेलं?"

"हो," आ-तेक म्हणाला. "ते डबे गाडीत ठेव."

तेवढ्यात रखवालदार आला, चुआयकाका. काम पसंत पडलं का ते विचारायला हसत हसत चढत होता. टोपीखाली मी दिसले आणि तो जिथल्या तिथे थांबला. हात जोडले, सोडले, परत जोडले.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही आहात?"

"आहे की. का, नसायला हवं होतं?"

"नाही, नाही. आजी, मी विचारलं होतं. शपथेवर सांगतो. मला तुमची अक्षरं येत नाहीत, पण रंग कळतो. दुसरी ओळ जुनी लाल दिसली म्हणून मी साहेबांना फोटो पाठवून विचारलं होतं."

"काय विचारलं होतंस? दाखव."

त्याने फोन काढला. माझा चष्मा गाडीत होता, आणि चष्मा असता तरी माझं शिक्षण दुसरीपर्यंतच. मी फोन मुकच्या हातात दिला. "मोठ्याने वाच."

मुकने वाचलं. "साहेब, दुसरी ओळ लाल दिसते. आजीपण गेल्या का? दोन्ही हिरव्या करू का?" मग ती थांबली.

"पुढे वाच."

"पपांचं उत्तर. हो हो. दोन्ही. शनिवारच्या आत करा." तिचा आवाज बारीक झाला. "आणि खाली नाचणाऱ्या सशाचं चित्र आहे."

"किती वाजताचं आहे?"

"सात बावीसचं. दोन्ही सात बावीसचे आहेत."

सात बावीस. म्हणजे जेवणाची वेळ. म्हणजे मी समोर लसूण सोलत होते, आणि तो पपई वाचत होता.

धुराच्या पलीकडे कुणाच्या तरी घरची पोरं फटाके लावत होती. ओरपिनच्या हातातली काठी तिथेच राहिली. आ-तेकने आता पहिल्यांदा दगडाकडे खरं बघितलं, मग माझ्याकडे, मग, मी स्वतः पाहिलं म्हणून सांगते, मनगटावरच्या घड्याळाकडे.

"आई, चूक झाली," तो म्हणाला. "मी वाचलं नाही नीट. मनात काही नव्हतं माझ्या."

"ते मला दिसलंच."

"येताना थांबतो ना आपण. म्हणजे आम्ही. सोमवारी परत येताना स्वतः उतरून लाल करून टाकतो. चुआयकाका, लाल रंग तयार ठेवा हं. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आई. आता निघालो नाही तर बोट जाईल."

"अहो," ओरपिन म्हणाली. "काय बोलताय?"

"अगं, खोलीचं सगळं ठरलंय. आत्ता पाऊण तास रंग सुकवत बसलो तर..." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. "आई, तू समजून घेशील. आ-बुईची गाडी खाली थांबली आहे."

मी चुआयकाकाला म्हटलं, "लाल रंग आहे का आत्ता?"

"आहे, आजी. शेडमध्ये आहे."

"आण. आणि बारीक कुंचला."

तो उतरणीवरून अक्षरशः पळाला. आ-तेक पुढे आला. "दे, मी करतो. पटकन करतो."

"तू लांब हो."

मुकने चटई दुमडून दगडासमोर मांडी घालण्यापुरती जागा केली. गुडघे कुरकुरले, पण बसले. चुआयकाकाने डबा उघडून दिला, तो मुकने दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं मी धरायचे तसा, पोटाशी. मी टोपी मागे सारली. पहिलं अक्षर वरून सुरू होतं, दोन उतरत्या रेघा, छप्पर घातल्यासारख्या. टेपिओकाच्या पिठात काढली होती तशी काढली. हिरव्यावर लाल नीट बसत नाही, आधी काळपट दिसतं, दुसरा हात द्यावा लागतो. मी दुसरा हात दिला. कुठे बाहेर गेलं, कुठे खाचेत भरलं नाही. रखवालदाराइतकं सुबक नाही आलं. पण ते लाल होतं आणि मी काढलेलं होतं.

आ-तेक माझ्या मागे उभा होता, त्याची सावली दगडावर पडत होती. ती दोनदा हलली. घड्याळ बघायला हात वर केला की सावलीचा हातही वर होतो, हे त्याला सुचलं नसावं.

शेवटची रेघ झाल्यावर मी कुंचला डब्यावर आडवा ठेवला. उठायला ओरपिनने हात दिला, तो घेतला. टोपी काढली आणि मुकच्या डोक्यावर ठेवली.

"आमा, मी नाही जात," ती म्हणाली.

"तू जायचंस. खिडकीतून उडी मार. चपला माझ्या पिशवीत आहेत, त्याही घे, तुला होतील." मग मी लेकाकडे वळले. एवढा मोठा बाप्या, पण उन्हात लहानपणी शाळा बुडवून आल्यावर उभा राहायचा तसा उभा होता. मी आवाज चढवला नाही. शेजारच्या घरचे ऐकत होते, ऐकू दे म्हटलं.

"आ-तेक, नऊ वर्षं या दगडाला मी सांगत आले की थोरला चांगला आहे, फक्त घाईत असतो. आज तुझ्या बापासमोर ते शब्द परत घेते. तू घाईत नसतोस. खोली निवडायला तू तीन आठवडे बसलास, कुणाची तरी पपई कडक निघाली म्हणून चार दिवस जास्त बसलास. आई मेली का, हे विचारल्यावर तुला एक मिनिट नाही लागलं. तुला घाई फक्त माझ्यापुरती असते. जा आता, बोट आहे तुझी. आणि ऐक, या वेळी फोन खिशात ठेवून ऐक. ही ओळ खरीच हिरवी करायची पाळी येईल तेव्हा कुंचला मुक धरेल. तू लांब, तिथे त्या आंब्याखाली उभा राहायचंस. तुझा हात या दगडाला लागायचा नाही. आता म्हण, हो."